ग्रँड नॅशनल शर्यतीचा अंदाज

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलनजीक एन्ट्री येथे प्रतिवर्षी, सामान्यतः एप्रिलमध्ये, होणाऱ्या ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या घोडशर्यतीत कोणत्या घोड्यास यशाचा संभव अधिक आहे, हे उपलब्ध माहितीवरून आजमावण्याची रीत. सपाट मैदानावरील शर्यतीत प्रामुख्याने वेगाची कसोटी लागते. या शर्यतीत वेगाबरोबरच दम, उडीचे कौशल्य आणि गर्दीतून वाट काढण्याचे धैर्य हे गुणही पारखले जातात. शिवाय प्रत्येक घोड्याच्या पाठीवर त्याच्या पूर्वीच्या कर्तबगारीच्या प्रमाणात भार देऊन सर्वांची संधी शक्य तितकी समान केलेली असते. अशा शर्यतीचा अंदाज बांधणे म्हणजे अंदाज फोल ठरावा म्हणूनच केलेल्या योजनेशी सामना देणे होय. यामुळे या विषयातील ज्ञानाचा उपयोग विजेता निश्चित करण्यापेक्षा ज्यांना फारशी आशा नाही असे घोडे वगळण्यासाठी अधिक होतो.

शर्यतीचे स्वरूप : अडथळ्यांच्या शर्यतीस इंग्रजीत ‘स्टीपलचेस’ म्हणतात. आयर्लंडमधील कॉर्क परगण्यात १७५२ मध्ये दोन गृहस्थांनी बटव्हंट येथील चर्चपासून डोनरेल येथील चर्चपर्यंत कुंपणे, चर व ओढे ओलांडीत घोडे पिटाळण्याची पैज लावली व दूरवरून दिसणारे चर्चचे शिखर म्हणजे ‘स्टीपल’ हीच त्यांची खूण होती, अशी या नावाची परंपरागत व्युत्पत्ती सांगतात. एन्ट्री येथे विल्यम लिन या हॉटेलमालकाने लॉर्ड सेफ्टन यांच्याकडून जमीन खंडाने घेऊन १८२९ मध्ये शर्यतींचा पाया घातला. १८३९ मध्ये ‘लॉटरी’ या घोड्याने जिंकलेली शर्यत ही अधिकृत मालिकेतील पहिली मानण्यात येते. त्याच शर्यतीत कॅप्टन बीचर हा स्वार ज्या ओढ्यात पडला, त्या अडथळ्यास पुढे ‘बीचर्स ब्रुक’ हे नाव पडले.

सांप्रत शर्यतीचे अंतर ४ मैल २ फर्लांग ७४ यार्ड, म्हणजे सु. ६·९ किमी. आहे. मार्गावर १६ अडथळे असून मैदानाच्या दोन फेऱ्यांत त्यांपैकी १४ दोनदा व उरलेले दोन एकदाच, अशा एकूण ३० उड्या घ्याव्या लागतात. बीचर्स ब्रुक येथे उडी मारल्यानंतर घोडा ज्या जमिनीवर उतरतो, ती उडीच्या बाजूपेक्षा खोल असते. ‘कॅनॉल टर्न’ येथे उडी घेताच जवळजवळ काटकोनात वळावे लागते. ‘द चेअर’ हा सर्वांत उंच अडथळा ५ फूट २ इंच (सु. १·५७ मी.) उंचीचा असून त्याच्या अलीकडे चर आहे. शेवटच्या अडथळ्यानंतर विजयरेषेपर्यंत ४९४ यार्डांची (सु. ४५० मी.) दीर्घ धाव उरते आणि तिच्या मध्यावर मार्गास कोपराप्रमाणे बाक आहे. या पट्ट्यात थकलेल्या घोड्याची आघाडी हातची गेल्याची अनेक उदाहरणे आहेत. घोड्यांची कमाल संख्या १९८४ पासून ४० होती. ती २०२४ पासून ३४ करण्यात आली.

भाराची योजना : ही शर्यत १८४३ पासून ‘हँडिकॅप’ पद्धतीने होते. या पद्धतीत प्रत्येक घोड्यास त्याच्या मागील कामगिरीवरून गुणांक दिला जातो व त्या गुणांकाप्रमाणे भार ठरतो. एकाचा गुणांक १६० व दुसऱ्याचा १५० असेल, तर पहिल्यास १० पौंड (सु. ४·५ किग्रॅ.) अधिक भार वाहावा लागतो. स्वाराचे वजन, खोगीर आणि खोगिरातील शिशाच्या पट्ट्या मिळून हा भार पुरा केला जातो. भार ठरविणारा अधिकारी हा एका अर्थी अंदाज बांधणाऱ्यांपैकी सर्वांत अधिकृत अंदाजकर्ता असतो. सर्व घोडे एकाच वेळी विजयरेषेवर यावेत, हा त्याच्या गणिताचा आदर्श होय.

या योजनेचे सामर्थ्य १९७३ च्या शर्यतीत दिसून आले. ‘क्रिस्प’ या ऑस्ट्रेलियन घोड्यावर १२ स्टोन (सु. ७६ किग्रॅ.) भार होता, तर ‘रेड रम’ याच्यावर १० स्टोन ५ पौंड (सु. ६६ किग्रॅ.) होता. क्रिस्पने प्रतिस्पर्ध्यांस फार मागे टाकले होते. तथापि अखेरच्या धावेत तो थकून बाजूस ओढला जाऊ लागला आणि विजयरेषेपाशी रेड रमने त्याला पाऊण लांबीने मागे टाकले. विजयी वेळ ९ मिनिटे १·९ सेकंद होती. पूर्वीचा विक्रम तिने मोडला. दोघांच्या भारांत २३ पौंडांचा (सु. १०·४ किग्रॅ.) फरक होता आणि निकाल पाऊण लांबीचा लागला. श्रेष्ठ घोडा कोणता व जिंकणारा घोडा कोणता, हे हँडिकॅप शर्यतीत दोन वेगळे प्रश्न असतात, हे यावरून ध्यानात येते.

भार सामान्यतः फेब्रुवारीत, म्हणजे शर्यतीच्या सु. दोन महिने आधी जाहीर होतात. त्यानंतर एखाद्या घोड्याने दुसरी मोठी शर्यत जिंकल्यास त्याचा गुणांक वाढतो, परंतु ग्रँड नॅशनलमधील त्याचा भार तोच राहतो. असा घोडा आपल्या योग्यतेपेक्षा हलक्या भाराने धावतो. अंदाज बांधणारे जाणकार या मधल्या काळातील निकाल म्हणूनच विशेष बारकाईने पाहतात. अर्थात ही गोष्ट सर्वांनाच दिसत असल्याने अशा घोड्याचा भावही लगेच उतरतो.

अंदाजाची साधने : घोड्याच्या पूर्वेतिहासातून पुढील बाबी प्रामुख्याने तपासल्या जातात.

(१) दम : तीन मैल किंवा त्याहून अधिक अंतराच्या अडथळ्यांच्या शर्यतींतील कामगिरी हा यातील प्राथमिक निकष होय. तो आता प्रवेशाच्या नियमांतही अंतर्भूत झालेला आहे. दोन ते अडीच मैलांत चमकणारा वेगवान घोडा अखेरच्या मैलात बहुधा निष्प्रभ ठरतो. दम आनुवंशिक असल्याने वंशावळीचाही विचार करतात, पण तो पुरेसा नाही. रेड रम हा अल्प अंतराच्या सपाट शर्यतींसाठी पैदा केलेला घोडा होता. १९६७ मध्ये याच एन्ट्री मैदानावर पाच फर्लांगांच्या एका साध्या शर्यतीत त्याने बरोबरीने पहिला क्रमांक मिळवून आपली कारकीर्द सुरू केली. पुढे साडेचार मैलांच्या आसपासची ग्रँड नॅशनल त्याने तीन वेळा (१९७३, १९७४ व १९७७) जिंकली आणि १९७५ व १९७६ मध्ये तो दुसरा आला. हा पराक्रम अद्याप अद्वितीय आहे. केवळ वंशावळ पाहणाऱ्याने त्यास पहिल्या चाळणीतच वगळले असते.

(२) उडी : पूर्वीच्या शर्यतींत घोडा किती वेळा पडला, किती वेळा स्वार खाली आला व किती वेळा शर्यत अर्धवट सोडावी लागली, यांची नोंद पाहतात. निकालपत्रकात ही माहिती अक्षरांच्या खुणांनी दिलेली असते. पडण्याचे कारणही महत्त्वाचे असते. समोरच्या घोड्यामुळे पडलेला घोडा आणि उडीचा अंदाज चुकून पडलेला घोडा यांत भेद करावा लागतो.

(३) मैदानाची स्थिती : जमीन कठीण, मध्यम, मऊ वा चिखलाची आहे, हे मैदानाचा व्यवस्थापक अधिकृतपणे जाहीर करतो. हलक्या पावलाचा वेगवान घोडा कठीण जमिनीवर, तर बलदंड व चिवट घोडा चिखलात उजवा ठरतो. १९९० मध्ये कठीण मैदानावर ‘मिस्टर फ्रिस्क’ याने ८ मिनिटे ४७·८ सेकंदांचा विक्रम नोंदविला. उलट २००१ मध्ये चिखलाने भरलेल्या मैदानावर ४० घोड्यांपैकी अवघ्या चारांनी शर्यत पुरी केली व त्यांतही दोघांचे स्वार पडून पुन्हा आरूढ झालेले होते. ती शर्यत ‘रेड मरॉडर’ याने जिंकली. पावसामुळे आदल्या रात्रीतही जमीन पालटत असल्याने महिनाभर आधी बांधलेला अंदाज या एका कारणाने निरुपयोगी होऊ शकतो.

(४) वय : आठ ते बारा वर्षांचे घोडे बहुतेक वेळा यशस्वी झालेले आहेत. त्यापूर्वी अनुभव व परिपक्वता अपुरी असते, तर त्यानंतर वेग घटतो. रेड रमचे तीन विजय त्याच्या आठव्या, नवव्या व बाराव्या वर्षी मिळालेले आहेत. १९२३ मध्ये जिंकलेला ‘सार्जंट मर्फी’ तेरा वर्षांचा होता. सहा वर्षांच्या घोड्यांना मिळणारा प्रवेश २०१२ पासून बंद झाला असून किमान वय सात वर्षे आहे.

(५) प्रशिक्षक, स्वार व पूर्वानुभव : घोड्यास वर्षभरात किती शर्यतींत उतरवावयाचे व कोणत्या दिवशी तो उत्कर्षबिंदूवर आणावयाचा, हे प्रशिक्षकाच्या हाती असते. ‘टायगर रोल’ याने २०१८ व २०१९ असे लागोपाठ दोन विजय मिळविले. तेव्हापासून २०२५ पर्यंत झालेल्या सात शर्यतींपैकी सहा आयर्लंडमधील प्रशिक्षकांच्या घोड्यांनी जिंकल्या. २०२५ मध्ये तर पहिले तिन्ही क्रमांक विली मलिन्स या एकाच प्रशिक्षकाच्या घोड्यांना मिळाले. ज्या घोड्याने या मैदानावर पूर्वी शर्यत पुरी केली आहे, त्यासही जाणकार झुकते माप देतात. घोडा या विशिष्ट अडथळ्यांना बुजत नाही, एवढे तरी त्यावरून कळते.

परंपरेचे नियम व त्यांची मर्यादा : वरील निकषांखेरीज मागील विजेत्यांच्या यादीवरून काढलेले अनेक नियम दरवर्षी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होतात. ‘अमुक वयाचा घोडा जिंकत नाही’, ‘अमुक भाराच्या वर विजय नाही’ असे त्यांचे स्वरूप असते. त्यांतील काही नियमांचा इतिहास उद्‌बोधक आहे.

१९८४ ते २००४ या काळात २० विजेते झाले (१९९३ ची शर्यत सदोष प्रारंभामुळे रद्द ठरली होती). त्यांपैकी एकावरही ११ स्टोनांहून (सु. ७० किग्रॅ.) अधिक भार नव्हता. यावरून ११ स्टोनांवरील घोडे विचारात घेऊ नयेत, असा नियम रूढ झाला. वस्तुतः त्या काळात इतका भार असलेले घोडे शर्यतीत थोडेच असत आणि बहुसंख्य घोडे किमान भाराच्या जवळपास असत. पुढे भार ठरविताना उत्तम घोड्यांना सवलत देण्याचे धोरण अवलंबिले गेले, दर्जेदार घोड्यांचा सहभाग वाढला आणि नियम ढासळला. २००५ मध्ये ‘हेजहंटर’ (११ स्टोन १ पौंड), २०१० मध्ये ‘डोन्ट पुश इट’ (११ स्टोन ५ पौंड), २०१२ मध्ये ‘नेपच्यून कोलाँज’ (११ स्टोन ६ पौंड) व २०१५ मध्ये ‘मेनी क्लाउड्स’ (११ स्टोन ९ पौंड) यांनी विजय मिळविले. २०२४ व २०२५ चे विजेतेही ११ स्टोनांवरचेच होते. जुना नियम कवटाळून बसलेल्यास या काळात वारंवार तोटा झाला असणार.

सात वर्षांच्या घोड्यांविषयीचा नियम याहून जुना होता. १९४० मध्ये ‘बॉगस्कार’ जिंकल्यानंतर ८२ वर्षे या वयाचा घोडा यशस्वी झाला नाही. २०२२ मध्ये ‘नोबल येट्स’ याने हा नियम मोडला. त्याचा भाव ५०/१ होता व त्यावर हौशी स्वार होता. फ्रान्समध्ये पैदा झालेले घोडे येथे टिकत नाहीत, हा समजही असाच होता. १९०९ नंतर प्रदीर्घ काळ त्यास पुष्टी मिळत राहिली, पण २००९ मध्ये ‘मॉन मोम’ जिंकल्यापासून तो खोटा ठरला.

अशा नियमांची उणीव संभाव्यतेच्या साध्या गणिताने स्पष्ट करता येते. शर्यतीतील शेकडा १० घोडे विशिष्ट प्रकारचे आहेत व सर्वांना समान संधी आहे, असे समजू. एका वर्षी त्या प्रकारचा घोडा न जिंकण्याची संभाव्यता ०·९ असते. सलग दहा वर्षे न जिंकण्याची संभाव्यता ०·९ चा दहावा घात, म्हणजे सु. ०·३५ येते. अर्थात त्या प्रकारात कोणताही दोष नसतानाही तीनांपैकी एका वेळी तरी ‘दहा वर्षांत एकही विजय नाही’ असा निष्कर्ष निव्वळ योगायोगाने हाती येईल. विजेता वर्षाला एकच असतो, तर तपासण्याजोगी लक्षणे पुष्कळ असतात. त्यामुळे पुरेसा शोध घेतल्यास कोणतातरी नियम सापडतोच. ज्या नियमामागे दम, वय वा जमीन यांसारखे शारीरिक कारण दाखविता येते, तोच विचारात घेणे युक्त होय. [⟶ संभाव्यता सिद्धांत].

दैवाचा भाग : १९६७ ची शर्यत या संदर्भात नेहमी उद्‌धृत केली जाते. तेविसाव्या अडथळ्यापाशी स्वाराविना धावणारा एक घोडा आडवा आला आणि मागून येणारे जवळजवळ सर्व घोडे एकमेकांवर आदळून थांबले वा पडले. पिछाडीवर असलेल्या ‘फॉइनॅव्हन’ याच्या स्वारास, जॉन बकिंगहॅम यास, ही कोंडी दुरून दिसली व त्याने मोकळ्या जागेतून घोडा पलीकडे काढला. ही आघाडी अखेरपर्यंत टिकली. त्याचा भाव १००/१ होता. घोड्याचे मालक व प्रशिक्षक त्या दिवशी मैदानावर आलेही नव्हते. म्हणजे ज्यांना त्याची सर्वाधिक माहिती होती, त्यांनाही यशाची अपेक्षा नव्हती. तो अडथळा आता ‘फॉइनॅव्हन’ याच नावाने ओळखला जातो. तो मार्गावरील सर्वांत लहान अडथळ्यांपैकी एक आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

याउलट १९५६ मध्ये राजमाता एलिझाबेथ यांच्या मालकीचा ‘डेव्हन लॉक’ सर्व अडथळे पार करून निर्विवाद आघाडीवर असताना विजयरेषेपासून सु. ४५ मी. अंतरावर एकाएकी पोटावर आदळला. त्याचे कारण निश्चितपणे उलगडलेले नाही. त्याचा स्वार डिक फ्रान्सिस पुढे रहस्यकथाकार म्हणून प्रसिद्धीस आला. १९२८ मध्ये ४२ घोड्यांपैकी केवळ दोघांनी शर्यत पुरी केली व १००/१ भावाचा ‘टिपरेरी टिम’ विजयी झाला. याच भावाने १९२९ मध्ये ‘ग्रेगलॅक’, १९४७ मध्ये ‘कॉहू’ व २००९ मध्ये मॉन मोम यांनीही विजय मिळविलेला आहे. दुसऱ्या टोकास १९१९ चा विजेता ‘पॉएथलिन’ याचा भाव अवघा ११/४ होता. विजेत्यांत तो सर्वांत कमी होय. गोल्डन मिलर १९३५ मध्ये २/१ या त्याहूनही कमी भावाने उतरला. पण त्यास शर्यत पुरी करता आली नाही.

भाव व संभाव्यता : पैज घेणारे बुकी प्रत्येक घोड्याचा जो भाव देतात, त्यात त्याच्या यशाविषयीचे सर्वसाधारण मत प्रतिबिंबित झालेले असते. भाव ७/१ असेल, तर एका रुपयास सात रुपये नफा व मूळ रुपया परत मिळतो आणि त्यातून सूचित होणारी संभाव्यता एक अष्टमांश, म्हणजे शेकडा १२·५ असते. चौतीस घोड्यांना अगदी समान संधी असती, तर प्रत्येकाची संभाव्यता शेकडा सु. २·९ व न्याय्य भाव ३३/१ झाला असता.

तथापि बुकी न्याय्य भाव देत नाही. समजा, पाच घोड्यांच्या शर्यतीत भाव ६/४, २/१, ४/१, ६/१ व ९/१ असे आहेत. त्यांतून सूचित होणाऱ्या संभाव्यता अनुक्रमे शेकडा ४०, ३३·३, २०, १४·३ व १० असून त्यांची बेरीज ११७·६ येते. खऱ्या संभाव्यतांची बेरीज १०० हून अधिक असू शकत नाही. वरचे १७·६ हे बुकीचे उत्पन्न होय. घोड्यांची संख्या वाढते तशी ही जादा बेरीज सामान्यतः वाढते, म्हणून ग्रँड नॅशनलसारख्या मोठ्या शर्यतीत पैज लावणाऱ्यास प्रारंभीच मोठी तूट सोसावी लागते. ही तूट सर्व घोड्यांवर सारखी विभागलेली नसते. फार मोठ्या भावाचे घोडे त्यांच्या भावावरून वाटते त्याहूनही कमी वेळा जिंकतात, तर कमी भावाच्या घोड्यांच्या बाबतीत तोटा तुलनेने कमी असतो, असे रिचर्ड ग्रिफिथ यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतील शर्यतींवरून दाखविले. नंतरच्या अनेक अभ्यासांत ही प्रवृत्ती आढळली आहे. दहा रुपयांचे हजार करण्याच्या आशेची किंमत लोक अधिक देतात, असा याचा अर्थ लावला जातो.

यावरून ‘कोण जिंकेल’ या प्रश्नापेक्षा ‘कोणाचा भाव त्याच्या खऱ्या संधीपेक्षा अधिक आहे’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. एखाद्या घोड्याची संधी शेकडा ५ आहे असा साधार अंदाज असेल, तर त्याचा न्याय्य भाव १९/१ होतो. २५/१ भाव मिळत असल्यास पैज फायद्याची, तर १४/१ मिळत असल्यास तोट्याची ठरेल. घोडा दोन्ही ठिकाणी तोच असतो. परंतु फायद्याच्या पैजेतही तो वीसांपैकी एकोणीस वेळा हरणार, हे विसरता येत नाही. प्रतिवर्षी अशी एकेक उत्तम पैज लावणाऱ्याच्या वाट्यास वीस वर्षांत एकही विजय न येण्याची संभाव्यता शेकडा सु. ३६ आहे. अशा स्थितीत आपला अंदाज चुकीचा होता की केवळ दैव प्रतिकूल होते, हे एका आयुष्यातील अनुभवावरून ठरविणे दुरापास्त असते.

केवळ विजयावर पैज लावण्याऐवजी पुष्कळजण निम्मी रक्कम विजयावर व निम्मी वरच्या क्रमांकांवर लावतात. सोळा वा अधिक घोड्यांच्या हँडिकॅप शर्यतीत पहिल्या चार क्रमांकांस भावाच्या एक चतुर्थांश दराने रक्कम देण्याचा प्रघात आहे. २०/१ भावाच्या घोड्यावर असे एक-एक रुपये लावले व तो तिसरा आला, तर विजयाचा रुपया जातो आणि दुसऱ्या रुपयाचे सहा रुपये मिळतात. दमदार पण संथ घोड्यांसाठी ही रीत अधिक सोयीची मानतात.

कौशल्य व कायदा : शर्यतीच्या अंदाजात कौशल्य किती व दैव किती, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. १९३० ते १९८७ या काळात चाललेल्या आयरिश हॉस्पिटल्स स्वीपस्टेकमध्ये सोडतीने तिकिटांना घोडे नेमून दिले जात. तेथे तिकीट घेणाऱ्यास निवडीचा वाव नसल्याने ती निखळ सोडत होती. ग्रेट ब्रिटनमध्ये शर्यतीच्या मैदानाबाहेर रोख पैज घेणारी दुकाने १९६० च्या अधिनियमानुसार मे १९६१ पासून कायदेशीर झाली. भारतात डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोडशर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. घोड्याची वीण, प्रशिक्षण व स्वाराचे कसब यांवर निकाल मुख्यत्वे अवलंबून असतो, असे त्यामागील तत्त्व आहे. [⟶ जुगार].

महाराष्ट्रात मुंबईतील महालक्ष्मी व पुणे येथे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या वतीने होणाऱ्या शर्यती सपाट धावेच्या असतात. १९४३ पासून होणारी इंडियन डर्बी ही २,४०० मी. अंतराची व एकाच वयाच्या घोड्यांची शर्यत असून तीत कर्तबगारीनुसार भार दिला जात नाही. तेथे श्रेष्ठ घोड्याचा फायदा हिरावला जात नसल्याने अंदाजास अधिक वाव राहतो. ग्रँड नॅशनलमध्ये कौशल्य घोडा घडविणाऱ्यांकडे व स्वाराकडे भरपूर असते. पैज लावणाऱ्याच्या वाट्यास मात्र त्याचा थोडाच अंश येतो.

सुरक्षितता व अंदाजावरील परिणाम : ही शर्यत घोड्यांच्या दृष्टीने धोक्याची असून तिच्यावर प्राणिमित्रांनी सातत्याने टीका केलेली आहे. २०११ व २०१२ या दोन्ही वर्षी शर्यतीत प्रत्येकी दोन घोडे दगावले. त्यानंतर २०१३ मध्ये अडथळ्यांच्या गाभ्यातील लाकडी खुंट काढून तेथे लवचिक प्लॅस्टिकचा वापर सुरू झाला. २०२३ मध्ये निदर्शनांमुळे शर्यतीस विलंब झाला व तीत एक घोडा मृत्यू पावला. परिणामी २०२४ पासून घोड्यांची संख्या घटविणे, प्रवेशासाठी किमान गुणांक १२५ वरून १३० करणे व प्रारंभीचा वेग आवरण्यासाठी पहिला अडथळा ६० यार्ड (सु. ५५ मी.) अलीकडे आणणे, असे बदल करण्यात आले. त्या वर्षी धावलेल्या ३२ घोड्यांपैकी २१ घोड्यांनी शर्यत पुरी केली. तरीही धोका पूर्णतः नाहीसा झालेला नाही.

या सुधारणांमुळे अंदाजाची जुनी सामग्रीही कालबाह्य होऊ लागली आहे. पूर्वी कोण उभा राहतो हा पहिला प्रश्न असे, तर आता कोण अधिक दर्जेदार आहे हा प्रश्न वरचढ होत आहे. ‘टायगर रोल’ (२०१९) व ‘कोरॅक रॅम्ब्लर’ (२०२३) हे सर्वांत कमी भावाचे, तसेच ‘आय ॲम मॅक्झिमस’ (२०२४) हा संयुक्तपणे सर्वांत कमी भावाचा घोडा विजयी झाला, हे या बदलाशी सुसंगत आहे. परंतु इतक्या थोड्या शर्यतींवरून नवा नियम बांधणे म्हणजे जुनी चूक पुन्हा करणे होय. २०२५ मध्ये ३३/१ भावाचा ‘निक रॉकेट’ विजयी झाला. चौतीस घोड्यांना समान संधी मानल्यास जो न्याय्य भाव निघतो, नेमका तोच हा भाव होता.

दम, उडी, जमीन, वय व भार यांचा साकल्याने विचार केल्यास चौतीस घोड्यांतून आठ-दहा घोडे वेगळे काढता येतात. अभ्यासू निरीक्षकाचे कार्य येथे संपते. त्या आठ-दहांतून एक निवडण्यासाठी लागणारी माहिती शर्यत संपेपर्यंत कोणाजवळच नसते. पैज लावणाऱ्याने जेवढी रक्कम गमावल्याने संसारास झळ लागणार नाही तेवढीच लावावी, ही जुनी सूचना नैतिक उपदेश म्हणून जितकी खरी आहे, तितकीच ती वरील गणिताचा निष्कर्ष म्हणूनही खरी आहे.